आधी वेगळं करा, मग मोजा



आज मी तुम्हाला एका वायूची गोष्ट सांगणार आहे. आपण सगळे श्वासावाटे जो बाहेर टाकतो, तो कार्बन डायऑक्साइड. हा वायू वनस्पतींच्या अंतरंगातली द्रव्यं ओळखायला कसा उपयोगी पडतो, हा आजचा विषय. पण त्याआधी एका सहीची गोष्ट सांगायला हवी. कारण ती सही माझी होती.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होतो. एकाच आठवड्यात हळदीच्या अर्काचे दोन नमुने माझ्या टेबलावर आले. एक शेतकऱ्यांच्या एका गटाचा, त्यांनी आपल्याच हळदीपासून काढून घेतलेला. दुसरा एका व्यापाऱ्याचा. दोन्ही पिवळेधमक. दोन्हींबद्दल प्रश्न एकच होता, यात कुर्कुमिन किती? रिवाजाप्रमाणे मी दोन्ही नमुने अल्कोहोलमध्ये विरघळवले, त्यांतून निळसर जांभळा प्रकाश सोडला, किती शोषला गेला ते यंत्रावर वाचलं आणि आकडे लिहिले. व्यापाऱ्याचा आकडा वरचढ आला. मी सही केली, शिक्का मारला. खरेदीदारानं आकडा पाहून व्यापाऱ्याचा माल उचलला. शेतकऱ्यांच्या गटातले एक वयस्कर गृहस्थ अहवाल न्यायला आले होते. त्यांनी विचारलं, "साहेब, आमच्या हळदीत काय कमी पडलं?" मी त्यांना आकडा दाखवला. आकड्यापुढे कोण काय बोलणार? ते निघून गेले.

काही काळानं माझ्या एका तरुण सहकाऱ्यानं कपाटात जपून ठेवलेले तेच दोन नमुने काढले आणि त्यातली द्रव्यं एकमेकांपासून वेगळी करून पाहिली. शेतकऱ्यांच्या नमुन्याच्या आलेखावर तीन शिखरं आली. व्यापाऱ्याच्या नमुन्यात एकच उंच शिखर, एकटं. तो कागद घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला आणि काही न बोलता त्यानं त्या एका शिखरावर बोट ठेवलं.

त्याचा अर्थ सांगतो. हळदीचा पिवळा रंग एका द्रव्याचा नसतो. ती तीन भावंडं आहेत. थोरलं कुर्कुमिन, मधलं डिमेथॉक्सीकुर्कुमिन, धाकटं बिसडिमेथॉक्सीकुर्कुमिन. नावं लांबलचक आहेत, पण फरक एवढासाच. थोरल्याच्या रेणूला मेथॉक्सी नावाचे दोन गट चिकटलेले असतात, मधल्याला एक, धाकट्याला एकही नाही. बाजारात मिळणाऱ्या हळदीच्या शुद्ध अर्कात साधारण पाऊण हिस्सा थोरल्याचा असतो, बाकीचा उरलेल्या दोघांचा. जातीप्रमाणे प्रमाण बदलतं, पण तिघं बरोबर असतात. जमिनीतून आलेली हळद एकट्या कुर्कुमिनची नसते. प्रयोगशाळेच्या चंबूत मात्र खनिज तेलापासून आलेल्या रसायनांतून एकटं कुर्कुमिन बनवता येतं, आणि ते स्वस्त पडतं. व्यापाऱ्याचा नमुना शेतातला नव्हता, चंबूतला होता.

माझं यंत्र खोटं बोललं नव्हतं. मी त्याला विचारलं होतं, "पिवळं किती?" त्यानं पिवळं किती ते सांगितलं. "पिवळं कोणकोणतं?" हे मी विचारलंच नव्हतं. मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, पण तोवर हंगाम गेला होता. त्या दिवसापासून मी स्वतःला आणि हाताखालच्या प्रत्येकाला एक वाक्य सांगत आलो आहे. आधी वेगळं करा, मग मोजा.

आता हे वेगळं करणं म्हणजे काय? घरी मुलांना दाखवता येईल असा एक प्रयोग आहे. खडूची एक कांडी घ्या. टोकापासून बोटभर वर काळ्या स्केचपेननं एक ठिपका द्या. बशीत थोडंसं पाणी घेऊन खडू त्यात उभा करा, ठिपका पाण्याच्या वर राहील असा. पाणी खडूतून वर चढतं आणि जाताना शाई बरोबर नेतं. थोड्या वेळात काळ्या ठिपक्यातून निळे, तांबडे, पिवळे पट्टे सुटे होतात. जो रंग खडूला जास्त चिकटतो तो मागे राहतो, ज्याचं पाण्याशी जास्त जमतं तो पुढे जातो.

पुण्याच्या तुळशीबागेतून एखादं कुटुंब चालताना पाहा. एक जण प्रत्येक दुकानाशी थबकतो, दुसरा नाकासमोर चालत सुटतो. सगळे एका वेळी आत शिरलेले असतात, पण बाहेर पडतात वेगवेगळ्या वेळी. पलीकडच्या टोकाला घड्याळ घेऊन कोणी उभा राहिला, तर कोण केव्हा आलं यावरून माणसं ओळखता येतील. क्रोमॅटोग्राफी, आपल्या भाषेत वर्णलेखन, ती हीच.

या विद्येचा जन्मच झाडाच्या पानातून झाला. १९०३ साली वॉर्सा इथं मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं तिची मांडणी केली. काचेच्या नळीत खडूसारखी पांढरी पूड ठासून भरायची, वरून पानांचा हिरवा अर्क ओतायचा आणि मग द्रावक सोडत राहायचं, अशी त्याची रीत. नळीत हिरव्या आणि पिवळ्या रंगांचे पट्टे उमटले. पानात दोन तऱ्हेची हरितद्रव्यं आणि त्यांच्याआड लपलेली पिवळी द्रव्यं आहेत, हे त्यातून डोळ्यांना दिसलं. १९०६ साली त्यानं या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगांचं लेखन, असं नाव दिलं. योगायोग असा की रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थही रंग असाच होतो. त्याच्या हयातीत या पद्धतीची फारशी कदर झाली नाही. १९१९ साली तो वारला आणि १९३१ च्या सुमारास जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ती पुन्हा हाती घेतली.

पुढे नळी पोलादाची झाली, पूड अतिशय बारीक झाली. पण एक प्रश्न कायम राहिला. मिश्रणाला नळीतून पुढे ढकलायचं कशानं? वायूनं ढकललं तर काम झपाट्यानं होतं, पण पदार्थाची आधी वाफ करावी लागते. ओव्याच्या किंवा पुदिन्याच्या तेलाला ते चालतं. हळदीच्या रंगद्रव्याला किंवा कडुनिंबाच्या कडू द्रव्याला तेवढी उष्णता दिली तर ती मोडून जातात. द्रवानं ढकललं तर उष्णता लागत नाही, पण द्रव दाट असतो, चाल मंदावते, आणि दिवसभर महागडे, विषारी द्रावक नळीतून वाहत राहतात. द्रवाच्या या पद्धतीला एचपीएलसी म्हणतात आणि आज औषधांच्या तपासणीचा बराच भार तिच्याच खांद्यावर आहे. तरी मनात येई, वायूसारखं चपळ आणि द्रवासारखं विरघळवणारं असं काही मिळालं तर?

असं काहीतरी आहे, हे फार पूर्वी कळलं होतं. आणि श्रोतेहो, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे ते कानानं कळलं होतं.

१८२२ साली फ्रान्समध्ये शार्ल कान्यार द ला तूर नावाचा शास्त्रज्ञ होता. आवाजाचा त्याला नाद. भोंग्याचं, म्हणजे सायरनचं यंत्र त्यानंच १८१९ मध्ये तयार केलं होतं. त्यानं तोफेच्या नळीत थोडं अल्कोहोल आणि गारगोटीची एक गोळी घातली आणि नळी घट्ट बंद केली. नळी हलवली की गोळी द्रवातून जाताना डुबुक असा आवाज येई. मग तो नळी तापवू लागला. एका ठरावीक तापमानापर्यंत डुबुक डुबुक ऐकू आलं आणि पुढे तो आवाजच बंद झाला. गोळी घरंगळत होती, पण तिला ओलांडायला द्रवाचा पृष्ठभागच उरला नव्हता. आत द्रवही नव्हता आणि वायूही नव्हता. दोघांमधली सीमाच पुसली गेली होती.

१८६९ मध्ये टॉमस अँड्र्यूज या आयरिश शास्त्रज्ञानं कार्बन डायऑक्साइडवर सविस्तर प्रयोग करून या सीमेला क्रांतिक बिंदू हे नाव दिलं. हा बिंदू ओलांडलेल्या पदार्थाला अतिक्रांतिक द्रायू म्हणतात. द्रायू म्हणजे वाहणारा कोणताही पदार्थ, मग तो द्रव असो की वायू. पाण्याला ही सीमा ओलांडायला ३७४ अंश सेल्सिअस लागतात. कार्बन डायऑक्साइडला फक्त ३१ अंश! आपल्या अंगाच्या उबेपेक्षाही कमी. दाब मात्र सुमारे ७४ बार लागतो, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ७३ पट. घरातला कुकर शिट्टी होताना जेमतेम दुप्पट दाबावर असतो, त्यावरून कल्पना करा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा भिंतीला टांगलेल्या आग विझवण्याच्या भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्येही हीच स्थिती असते. आपण त्याच्या शेजारून जात असतो, एवढंच.

या अवस्थेतला कार्बन डायऑक्साइड मोठा गुणी. ४० अंश तापमान आणि १५० बार दाबावर त्याची घनता पाण्याच्या तीन चतुर्थांशाहून थोडी जास्त असते, म्हणून तो द्रवासारखा विरघळवतो. पण दाटपणा द्रवापेक्षा खूप कमी, म्हणून बारीक पुडीतून सहज धावतो. आणि दाब ही त्याची किल्ली आहे. ४० अंशांवर दाब ८० वरून १०० बारवर नेला तर घनता दुपटीहून अधिक होते आणि विरघळवण्याची ताकद वाढते. द्रावक न बदलता द्रावकाचा स्वभाव बदलता येतो, असं हे प्रकरण आहे.

१९६२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात क्लेस्पर, कॉर्विन आणि टर्नर या तिघांनी अतिक्रांतिक अवस्थेतला द्रायू वापरून वर्णलेखन करून दाखवलं. त्यांनी वेगळी केली ती पॉर्फिरिन जातीची द्रव्यं. झाडांचं हरितद्रव्य आणि आपल्या रक्ताचा लाल रंग ज्या रेणूच्या घराण्यातले, तेच हे घराणं. म्हणजे त्स्वेतच्या पानापासून निघालेली वाट पुन्हा पानाच्या नातलगांपाशीच आली. त्यांनी फ्रिऑन वायू वापरले होते. हे वायू ओझोनच्या थराला घातक आहेत हे नंतर कळलं, आणि या कामातला मुख्य मान कार्बन डायऑक्साइडकडे आला.

इथं एक गफलत टाळायला हवी. कॉफीतलं कॅफीन काढून टाकायला किंवा मसाल्यांचा अर्क काढायलाही हाच अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइड वापरतात. पण ते अर्क काढणं झालं. मोठ्या टाकीत माल भरायचा आणि हवं ते द्रव्य ओढून घ्यायचं. वर्णलेखनात आपण थेंबाचाही लहानसा अंश घेतो आणि त्यातला प्रत्येक घटक सुटा करून त्याची नोंद करतो. अर्क काढणं म्हणजे विहिरीतून पाणी उपसणं, वर्णलेखन म्हणजे त्या पाण्यात काय काय आहे ते तपासणं.

यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. सिलिंडरमधून येणारा वायू आधी थंड करतात, म्हणजे तो द्रव राहतो आणि पंपाला नीट ढकलता येतो. त्यात दुसऱ्या पंपानं गरजेपुरतं मेथेनॉल किंवा साधं अल्कोहोल मिसळतात. कारण कार्बन डायऑक्साइडचं सख्य तेलकट द्रव्यांशी. पाण्याशी नातं सांगणारी द्रव्यं त्याला दाद देत नाहीत. मेथेनॉलचं बोट धरलं की तीही हलतात. या प्रवाहात नमुन्याचा अगदी सूक्ष्म अंश सोडतात. पुढे बारीक पुडीनं भरलेली वीतभर लांबीची पोलादी नळी, साधारण ४० अंशांवर ठेवलेली. तिच्या पलीकडे प्रकाशानं टेहळणी करणारा डिटेक्टर, हवं तर रेणूचं वजन सांगणारं यंत्रही. आणि सर्वांत शेवटी एक झडप, जी पूर्ण वाटेवर १०० ते १५० बार दाब धरून ठेवते. ही झडप म्हणजे या यंत्राचा प्राण. तिच्या पलीकडे दाब सुटतो, वायू फुगतो आणि इतका थंड होतो की झडप तापवून ठेवावी लागते, नाहीतर तिच्यात बर्फ धरतं. वायू फस्स करून निघून जातो. मागे राहतं ते थोडंसं अल्कोहोल, आणि कागदावर उमटलेली शिखरं.

खरं सांगायचं तर, मेथेनॉलचं प्रमाण वाढलं की आतलं मिश्रण काटेकोर अर्थानं अतिक्रांतिक राहतच नाही. ते एक पातळ, चपळ द्रव होतं. तरी काम तितकंच चांगलं होतं आणि नाव मात्र जुनंच चालू राहिलं आहे.

हळदीवर हे फार छान दिसतं. नुसत्या कार्बन डायऑक्साइडबरोबर हळदीचं सुगंधी तेल निघून येतं, ज्यात टर्मेरोन नावाची द्रव्यं असतात. रंगद्रव्य मात्र बहुतेक जागच्या जागी बसून राहतं. मेथेनॉल वाढवत नेलं की ती तीन भावंडं एकामागून एक बाहेर पडतात. काही मिनिटांत वास आणि रंग, दोघांचा हिशेब समोर येतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला त्याआधी २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचा शिक्का गावाचं नाव सांगतो. पोत्यात किंवा बाटलीत त्या नावाला साजेसं काही आहे का, हे तपासणीनंच सांगावं लागतं. रंग पाहून भाव ठरवायचा म्हटलं तर लबाडीला रान मोकळं.

दुसरं उदाहरण कडुनिंबाचं. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली. हिरवं दिसेल ते टोळांनी फस्त केलं, पण कडुनिंबाची झाडं तशीच उभी राहिली. हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं ते पाहिलं आणि कडुनिंबाच्या अभ्यासाला नवा जोर आला. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये निंबोळीतून अ‍ॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की ती पक्की व्हायला १९८५ साल उजाडलं, आणि प्रयोगशाळेत ते द्रव्य बनवायला त्यानंतर आणखी २२ वर्षं लागली. २००७ मध्ये केंब्रिजला ते साधलं.

म्हणजे हळदीसारखी चंबूतली नक्कल इथं परवडणारी नाही. इथली अडचण वेगळी आहे. हे द्रव्य नाजूक आहे. ऊन, उष्णता यांनी ते बिघडतं. आपला शेतकरी दुकानातून निंबोळी अर्काची बाटली आणतो, तिच्यावर ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम असं छापलेलं असतं. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. तो आकडा बाटली भरतानाचा. बाटली नंतर गोदामात किती उन्हाळे राहिली हे तिच्यावर छापलेलं नसतं. फवारणी वाया गेली तर औषध वाया, मजुरी वाया आणि पीकही हातचं जातं. अशा द्रव्याला उष्णता न देता, सौम्यपणे वेगळं करून मोजणं हेच योग्य. पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीतल्या संशोधकांनी २००५ साली निंबोळीचा अर्क आणि बाजारातली कडुनिंबाची उत्पादनं यांच्या तपासणीसाठी दोन पद्धती मांडल्या. एक पातळ थराच्या पट्टीवरची, दुसरी आपली ही अतिक्रांतिक द्रायूची. दुसरीत त्यांनी वर्णलेखनाच्या नळ्यांची लांबी वाढवून घेतली होती. द्रवाच्या पद्धतीत इतकी लांब वाट जड जाते. पातळ द्रायूला ती सहज पेलते.

तिसरं उदाहरण नाकाचं. बाळंतशेपांचा वास आणि पहाडी पुदिन्याचा वास यांत गल्लत होणार नाही. पण दोन्हीकडे असलेलं कार्व्होन हे द्रव्य अणूला अणू सारखं आहे. फरक फक्त डाव्या आणि उजव्या हातासारखा. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. आपल्या नाकाला तो फरक कळतो. यंत्राला कळावा म्हणून नळीतली पूडही डावं उजवं ओळखणारी घ्यावी लागते. असे डावे उजवे रेणू सुटे करण्यात अतिक्रांतिक द्रायूची पद्धत इतकी वाकबगार आहे की, १९९० च्या दशकात बाकीच्यांचा तिच्यातला रस ओसरला तेव्हा औषधनिर्मितीतल्या याच कामानं तिला जगवलं.

रस ओसरला होता हे खरं. १९८० च्या दशकात या पद्धतीचा मोठा बोलबाला झाला. पण तेव्हाच्या यंत्रांना दाब एकसारखा राखता येत नसे. सकाळचा आलेख संध्याकाळच्या आलेखाशी जुळत नसे. तपासणीच्या कामात याहून मोठा दोष नाही. झडपा, पंप आणि पूड सुधारली आणि २०१२ च्या सुमारास नव्या पिढीची यंत्रं आली, तेव्हा ही पद्धत पुन्हा विश्वासाची झाली.

त्याआधी एक धक्काही बसला होता. २००८ च्या अखेरीस जगभरच्या प्रयोगशाळांना अ‍ॅसिटोनायट्राइल मिळेनासं झालं. एचपीएलसीमध्ये सर्रास वापरला जाणारा हा द्रावक. तो तेव्हा मुद्दाम असा फारसा कोणी बनवत नसे. प्लॅस्टिक आणि कृत्रिम लोकर यांचा कच्चा माल तयार होताना तो जोडीला निघतो. मंदी आली, मोटारी आणि गालिच्यांची मागणी घटली, ते कारखाने मंदावले आणि इकडे औषधं तपासणाऱ्यांचे हात बांधले गेले. मोटार विकली जात नाही म्हणून प्रयोगशाळा अडते, हे तेव्हा आम्हाला उमगलं. एचपीएलसीचं एक यंत्र मिनिटाला एक मिलिलिटर या वेगानं आठ तास चाललं तर जवळजवळ अर्धा लिटर द्रावक वाहून जातो. तो टाकायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. कार्बन डायऑक्साइड खताच्या कारखान्यांतून, मद्यार्काच्या कारखान्यांतून उपपदार्थ म्हणून मिळतो. त्याच्यासाठी वेगळा धूर काढावा लागत नाही.

आता थोडं सावधपणे बोलतो. ही पद्धत म्हणजे जादूची कांडी नव्हे. साखरा, क्षार, प्रथिनं यांच्यासाठी अजूनही द्रवाची पद्धतच सरस. यंत्र महाग आहे, तालुक्याच्या गावी ते परवडणार नाही. वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद खोलीत गळती झाली तर तो खाली साचतो आणि माणूस गुदमरू शकतो. खिडक्या आणि पंखे हे त्या यंत्राचेच भाग समजावेत. शिवाय पोत्याच्या वरच्या थरातली मूठभर हळद आणून दिली, तर उत्तम यंत्रही वरच्या थराबद्दलच सांगेल. आणि हुशार भेसळखोर खऱ्या अर्कात थोडं चंबूतलं कुर्कुमिन मिसळू शकतो. तेव्हा तीन शिखरं दिसतात, पण थोरलं प्रमाणाबाहेर वाढलेलं असतं. संशय पक्का करायला मग कार्बनचं वय पाहावं लागतं. झाडाच्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ चा अंश असतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या खनिज तेलात तो उरलेला नसतो.

म्हणून एकाच साक्षीदारावर भिस्त ठेवू नये. एचपीएलसी आणि अतिक्रांतिक द्रायूची पद्धत यांची वेगळं करण्याची तत्त्वं निराळी आहेत. एकीत जे द्रव्य दुसऱ्याच्या सावलीत लपतं, ते दुसरीत उघडं पडू शकतं. दोघींची साक्ष जुळली तर सही करावी. माझ्या त्या चुकीबद्दल बोलायचं तर, महागडं यंत्र सोडाच, पातळ थराच्या साध्या पट्टीवर नमुना चढवला असता तरी तीन ठिपक्यांऐवजी एक ठिपका दिसला असता. उपाय हाताशी होता. मी तो केला नाही, कारण मला आकडा पुरेसा वाटला.

आणि एक. एखाद्या वनस्पतीत अमुक द्रव्य अमुक प्रमाणात आहे, एवढंच आम्ही रसायनतज्ज्ञ सांगू शकतो. त्यानं आजार बरा होतो का, हे वैद्यकाच्या कसोटीवर ठरायचं. पण ती कसोटी घ्यायची तर बाटलीत काय आहे हे आधी माहीत हवं. आज एक औषध, उद्या त्याच नावाखाली दुसरंच काही, असं झालं तर वैद्यानं गुण कशाचा म्हणायचा आणि रोग्यानं विश्वास कशावर ठेवायचा?

त्या वयस्कर शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, आमच्या हळदीत काय कमी पडलं? त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. तुमच्या हळदीत काहीच कमी नव्हतं, काका. तिघंही भावंडं जागेवर होती. कमी पडलं होतं ते माझं तपासणं.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणी हळद पिकवत असेल, कोणी ती विकत घेत असेल, कोणाचा मुलगा किंवा मुलगी प्रयोगशाळेत काम करत असेल. आकडा समोर आला की एकदा जरूर विचारा, मोजण्याआधी वेगळं केलं होतं का? एवढ्या एका प्रश्नानं पुष्कळ सह्या जपून होतील.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)